डावीकडे ओढणारी होडी

कावालमच्या पलीकडचा बांध,
सणाचा मांडव अजून उतरवलेला नाही

आदरणीय मात्तूमामा,

ईशोमिशिहाला स्तुती असो. तुमचा खोकला कसा आहे, मामींचा गुडघा कसा आहे आणि बाळ मान धरायला लागलं का, हे आधीच विचारून घेतो. एकदा माझं सुरू झालं की विचारायचं राहील आणि पोराला काही वळण नाही म्हणून अम्मच्ची पुन्हा माझ्या नावाने खडे फोडेल. मिरी यंदा चांगली धरली असेलच. रबराचं विचारत नाही, त्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

तुमच्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे कबूल. लिहायला बसलो नाही असं मात्र नाही. पहिल्या खेपेला पेन होतं, कागद नव्हता, आणि कागद आणायला पलीकडे जायला होडी नव्हती. दुसऱ्या खेपेला कागद मिळाला, तर त्याच्यावर होडीचं चित्र काढून पाहावं असं मनात आलं, आणि चित्र इतकं बरं जमलं की त्याच्यावर ‘आदरणीय मामा’ लिहायला हात धजेना. तिसऱ्या खेपेला ‘आदरणीय मामा’ लिहून झालं होतं, तेवढ्यात बदकं दुसऱ्याच्या शेतात घुसली. ती हाकलायला गेलो तो एका ओळखीच्या माणसाच्या तांदळाच्या पडावावर चढलो आणि पार चंगनाशेरीला उतरलो. (त्या पडावावरच्या स्वयंपाक्याने जी मासळीची आमटी केली होती, तिच्याबद्दल खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं.)

तुमची ताई, म्हणजे माझी आई, आमची अम्मच्ची, बाळाच्या बाप्तिस्म्याला आली नाही म्हणून तुम्ही रागावला आहात. मुलाला आमच्या आजोबांचं नाव न ठेवता मामींच्या वडिलांचं ठेवलं म्हणून ती रुसली असणार, असा तुमचा समज झालेला दिसतो. तसं काही नाही. (थोडं आहे. पण त्या कारणाने ती घरात बसणारी नव्हे, उलट भांडायला म्हणून दोन दिवस आधीच आली असती.) खरं कारण होडीचं आहे आणि ते ओशानाच्या, झावळ्यांच्या रविवारपासूनचं आहे.

अम्मच्ची अंगाने भरलेली आहे हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिच्याच कडेवर वाढलात. अप्पच्चन गेले, बापाच्या मागोमाग आमची जुनी होडीही कुजून गेली, तेव्हापासून आम्ही चर्चला शेजारच्या औतक्कुट्टीच्या होडीतून जायचो. ती होडी म्हणजे काकडीची साल. अम्मच्ची आडव्या फळीवर बसली की होडी कलते, म्हणून तो तिला खाली तळाशी बसवायचा, नारळाची पोती ठेवतात तिथे. आता तळाशी पाणी असतंच. आणि चट्टा-मुंडू नेसणाऱ्या बाईचं सगळं वैभव असतं ते मागच्या निऱ्यांच्या पंख्यात. तो घालायला अम्मच्ची सकाळची पेजसुद्धा उशिरा घेते. चर्चच्या पायऱ्या चढेपर्यंत त्या पंख्याचं भिजलेलं पोतेरं झालेलं असायचं. तरी ती कधी बोलली नाही. ओशानाच्या रविवारी मात्र घाटावर सगळी मंडळी माडाच्या झावळ्या घेऊन उभी असताना औतक्कुट्टी अम्मच्चीला म्हणाला, “चेट्टत्ती, तुम्ही पुढच्या फेरीला एकट्याच या. होडीलाही जरा श्वास घेऊ दे.”

सगळे हसले. अम्मच्चीही हसली, म्हणून माझ्या काही लक्षात आलं नाही. घरी येऊन तिने मुंडू धुतला, वाळवला, घडी करून पेटीत ठेवला आणि पाय दुखतात म्हणाली. त्यानंतर ती कुठल्याच होडीत बसली नाही. चर्च नाही, बाजार नाही, तुमच्याकडचा बाप्तिस्मा नाही. आपला बांध तुम्हाला माहीत आहे, चारी बाजूंनी पाणी आणि एका टोकाला उभं राहून शिंकलं तर दुसऱ्या टोकाची बदकं उठतात. तेवढ्यात ती इकडून तिकडे फिरायची आणि विचारलं की पाय दुखतात म्हणायची. दुखणारे पाय घेऊन दिवसभर फिरणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मग मी ठरवलं की सेबस्त्यानोस पुण्यवानाच्या सणाला अम्मच्ची चर्चला जाणार, आमच्या स्वतःच्या होडीतून जाणार, फळीवर बसून जाणार, आणि ती होडी मीच बांधणार.

अम्मच्चीला सांगितलं तर तिने आधी माझं कपाळ चाचपून बघितलं. मग कोंबड्यांचं खुराडं अर्धवट टाकून मी कोईम्बतूरला पळालो होतो ते काढलं, आठवीत सोडलेली शाळा काढली, तुमच्या मळ्यातून पळून आलो ते काढलं. ते संपल्यावर अप्पच्चनचा भोकं पाडायचा सामता कुठे ठेवलाय ते तिने सांगितलं.

फळ्या होत्या. अप्पच्चननी रानफणसाच्या फळ्या कापून कालव्याच्या चिखलात मुरत ठेवल्या होत्या, नव्या होडीसाठीच. होडी बांधणारा आशारी मात्र एकही मोकळा नव्हता, सगळे कुठल्याशा शर्यतीच्या नौकेवर लागलेले. पण मागे एका पडावावर भात रांधायला होतो तेव्हा मी होड्या शिवताना पुष्कळदा पाहिलं होतं. फळीला फळी लावायची, दोन्हींच्या कडेला भोकं पाडायची, फटीवर आतून काथ्याची वळकटी ठेवायची आणि सुंभाने आवळून शिवायचं. खिळा म्हणून नाही. त्यात न येण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हा भाताच्या भांड्यापाशी बसून वाटलं होतं.

पहिली चूक मापाची. अप्पच्चन वितीने मोजायचे म्हणून मीही डाव्या बाजूची फळी माझ्या वितीने मोजली. तेवढ्यात कोणी तरी हाक मारली म्हणून गेलो (तिकडे एक गारुडी आला होता, त्याच्याकडे साप नव्हता पण गोष्टी छान होत्या), आणि परत येईपर्यंत अम्मच्चीने मदत म्हणून उजवी फळी तितक्याच विती मोजून कापून ठेवलेली. आता अम्मच्ची बाकी सगळीकडून ऐसपैस असली तरी हाताची लहान आहे. दोन्ही फळ्या टोकांना जुळवल्या तर होडी अशी वाकली की जणू मागून कोणी हाक मारली आणि ती वळून बघतेय. मग मी डावी थोडी कापली. ती जास्त कापली गेली. म्हणून उजवी थोडी कापली. असं करत करत होडी इतकी आखूड झाली की अम्मच्ची म्हणाली, आता थांब, नाही तर बदकांच्या उपयोगाची राहील. तेव्हा थांबलो. थोडासा फरक राहिला तो राहिलाच.

दुसरी चूक भोकांची. पलीकडच्या शेतातलं पाणी उपसायचं यंत्र दिवसभर ठकठक करत असतं, त्याच्या ठेक्यावर मी सामता फिरवत होतो. एक ठोका, एक जागा पुढे. काम कसं गाण्यासारखं चाललं होतं. दुसरी फळी घेतली तोवर त्यांनी यंत्राला नवा पट्टा घातला आणि ठेका वाढून माझ्या जागा जवळजवळ पडायला लागल्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. परिणाम असा की एका फळीवर भोक आणि त्याच्यासमोर दुसरीवर कोरं लाकूड. जुन्या भोकांना खुंट्या ठोकून नवी पाडली. त्यातली काही पुन्हा चुकली. त्यांनाही खुंट्या. होडी देवी येऊन गेल्यासारखी दिसायला लागली. अम्मच्ची दुपारच्या फावल्या वेळात खुंट्या तासून देत बसायची आणि किती तासू म्हणून विचारायची, म्हणजे आज मी किती चुकणार आहे याचा तिला अंदाज हवा असायचा.

तिसरी चूक विस्तवाची. फळीला बाक द्यायचा तर तारलीचं तेल चोपडून नारळाच्या सोडणांच्या धगीवर ती हळूहळू वाकवावी लागते आणि तिथून हलायचं नसतं. मी हललो. जास्त नाही, कालव्यातून एक माणूस होडीत उभ्या केलेल्या शिडीला उलटा टांगलेला पाळणा घेऊन चालला होता, तो असा का नेतोय एवढं विचारून आलो. (त्यालाही माहीत नव्हतं.) तेवढ्यात फळीचं टोक कोळसा. ते तासून मागच्या बाजूला लावलं. मागे कोण बघतंय.

मग शिवण. मामा, शिवायला दोन माणसं लागतात, एक आत, एक बाहेर. बाहेरच्याने सुंभ आत सारायचं, आतल्याने ओढायचं आणि पुन्हा बाहेर सारायचं. आत अम्मच्ची बसली, कारण काथ्या वळण्यात तिचं लहानपण गेलं आहे आणि माझ्या गाठी बघवत नाहीत असं तिचं म्हणणं. पहिली अख्खी ओळ आम्ही काथ्याची वळकटी बाहेरून ठेवून शिवली. होडीला सुरवंटासारखी लव आली. सगळं उसवलं. पुन्हा आतून. बाजू चढत गेल्या तशी अम्मच्ची मला दिसेनाशी झाली, फक्त सुंभ दिसायचं. माझं लक्ष उडालं की आतून असा हिसका बसायचा की माझं कपाळ फळीवर आपटायचं. शब्द नाही, नुसता हिसका. जेवायला म्हणून ती आधी बाहेर यायची, पुढे चढ-उतार नको म्हणून कप्प्याचे उकडलेले कंद आणि मासळी तिथेच मागवायला लागली. एकदा मी डोकावून बघितलं तर ती होडीच्या मधोमध पाय पसरून बसली होती, हातात सुंभ, आणि गुणगुणत होती. ओशानाच्या रविवारनंतर मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी आवाज न करता खाली बसलो. लगेच हिसका.

फळ्या आखूड झाल्यामुळे होडी मध्ये चांगलीच फुगली होती. आपल्याकडच्या होड्या कशा असतात, सडपातळ. ही म्हणजे पोटुशी मांजर. मला वाटलं एवढी एक चूक तरी मुळापासून दुरुस्त करावी, दोर लावून मध्ये आवळावी. अम्मच्ची आतूनच म्हणाली, “एवढं राहू दे. इथे मला मांडी घालता येते.”

मी दोर सोडला. सगळ्या चुकांमध्ये ही एकच आम्ही दुरुस्त केली नाही.

(काजूच्या सालीचं तेल चोपडण्याबद्दल जास्त लिहीत नाही. ते चोपडताना डास चावला तर त्याच हाताने गाल खाजवू नये, एवढंच. माझा चेहरा असा सुजला की आमच्या चर्चचे पाद्री, अच्चन, प्रार्थनेला आले ते कांजिण्या समजून होडीतूनच लांबून हवेत क्रूस काढून परत गेले.)

शेवटी होडी पाण्यात घातली आणि बुडवली. मुद्दाम बुडवली, मामा. नवी शिवलेली होडी काही दिवस पाण्याखाली ठेवली की फळ्या फुगतात, सुंभ आवळतं आणि फटी मिटतात, हे काय तुम्हाला माहीत नाही. पण मळ्यावर राहून विसरला असाल म्हणून लिहितो. अम्मच्ची कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी होडी खाली दाबत होती आणि मी वरून चिखलाचे गोळे भरत होतो. इतक्यात औतक्कुट्टी समोरून आला. त्याने काय बघितलं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. बिचाऱ्याने मुंडूसकट उडी मारली आणि आमची होडी वाचवायला नारळाच्या करवंटीने पाणी उपसायला लागला. मी भरतोय, तो उपसतोय, अम्मच्ची दाबतेय. “चेट्टत्ती, सोडा, जीव महत्त्वाचा,” असं तो सारखा म्हणत होता. मुद्दाम बुडवतोय म्हणून सांगितलं तर त्याला वाटलं आम्ही लाजेने बोलतोय. शेवटी दमला, आमच्या ओट्यावर बसला, आणि अम्मच्चीने त्याला काळा चहा दिला. (तो माणूस वाईट नाही. तोंडाचा मोकळा आहे.) पण जाताना तो वाटेत प्रत्येक घाटावर थांबून गेला असणार, कारण संध्याकाळपर्यंत कुंजुमोनची होडी पाण्यात घालताक्षणी बुडाली हे तिन्ही बांधांवर झालं होतं. बायका भेटायला यायला लागल्या, केळी घेऊन, चेहरे पाडून. अम्मच्चीने कोणालाही खरं सांगितलं नाही. सगळ्यांची केळी ठेवून घेतली.

सणाच्या आदल्या दिवशी होडी वर काढली. एक खुंटी बूच उडाल्यासारखी उडाली, ती पुन्हा ठोकली. बाकी आत थेंब नाही.

सणाच्या सकाळी अम्मच्चीने पेटी उघडली. पंखा घालायला तिने इतका वेळ घेतला की पलीकडून बाजा वाजायला लागला. मग छत्री घेऊन आली, पाणी बघितलं, होडी बघितली, माझ्याकडे मात्र बघितलं नाही, आणि मधल्या फळीवर जाऊन बसली. होडी जराही कलली नाही. मामा, मी तोपर्यंत श्वास घेतला नव्हता.

आता एक अडचण राहिली होती. ती दोन फळ्यांमधली थोडी तफावत. होडी डावीकडे ओढते. वल्हं कसंही मारा, तिच्या मनात डावीकडेच जायचं असतं. चर्च उजवीकडे. मी जोर लावला तशी ती आणखी वळली, आणि बाजा, प्रार्थना, फटाके सगळं कानावर पडत असताना आम्ही थेट ताडीच्या दुकानाच्या घाटाला लागलो. सणाची सकाळ, तरी दुकान भरलेलं. चट्टा-मुंडूतली अम्मच्ची छत्री उघडून समोर उभी ठाकलेली बघताच सगळे बाप्ये उठून उभे राहिले, पेले पाठीमागे. त्यात आमच्या चर्चचा बाजेवालाही होता. अम्मच्चीने सगळ्यांना ईशोला स्तुती असो म्हटलं, बाजेवाल्याला होडीत बसवून घेतलं आणि म्हणाली, चल. दुसऱ्या खेपेला मी उजवीकडे चर्चच्या पुष्कळ पलीकडचा पिंपळ धरून वल्हं मारलं, म्हणजे डावीकडे ओढ खात आम्ही बरोबर चर्चच्या पायऱ्यांवर.

मिरवणूक निघण्याच्या बेतात होती, सगळा गाव पायऱ्यांवर, औतक्कुट्टी सगळ्यांत पुढे. आम्ही बुडालो असं समजून असलेली माणसं आ वासून बघत होती. अम्मच्ची कोणाचा हात न धरता उतरली. सरळ आत जायचं सोडून ती पायरीवर वळली आणि गावाकडे पाठ करून उभी राहिली. छत्री मिटते आहे असं दाखवत. छत्री मिटायला इतका वेळ लागत नाही, मामा. पंखा कोरडा होता. प्रत्येक निरी दिसत होती. मग ती आत गेली.

अच्चननी नंतर मला विचारलं की चेहरा बरा झाला का. मी म्हटलं झाला. खरं म्हणजे डोळे अजून चुरचुरत होते, ते मी काजूच्या तेलावर ढकललं.

मामींना नमस्कार, बाळाला पापा.

तुमचा भाचा,
कुंजुमोन

ता. क. बाळाच्या नावाबद्दल वर लिहिलं ते मामींना वाचून दाखवू नका.

ता. क. इतकं लांब पत्र कसं लिहिलं याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. दुसरं काही करण्यासारखं नाही. सणानंतर अम्मच्चीने डावीकडच्या ओढीची खोड ओळखली, वल्हं स्वतःच्या हातात घेतलं, आणि तेव्हापासून ती घरी नाही. मावशी झाली, बाजार झाला, सासरची माणसं झाली, सात वर्षं जिच्याशी बोलत नव्हती ती मैत्रीण झाली. सोमवारी उठून म्हणाली की मात्तूचं बाळ बघून येते, होडी बोटीच्या धक्क्यावर बांधून पुढे बसने जाईन. म्हणजे हे पत्र वाचताना ती तुमच्या शेजारी बसलेली असणार आणि प्रत्येक वाक्याला असं नव्हतं म्हणत असणार. तिला परत पाठवा. निदान होडी कुठल्या धक्क्यावर बांधली ते लिहून कळवा. मी बांधावर अडकलोय. कप्पा संपला, केळी संपली, औतक्कुट्टीला हाक मारायला मला लाज वाटते आणि बदकांना माझ्या गोष्टी पाठ झाल्या आहेत.

ता. क. ती लवकर यायला तयार नसेल तर तुमच्याकडच्या रानफणसाच्या दोन-तीन फळ्या कोणाबरोबर तरी पाठवा. यावेळी दोन्ही फळ्या मी एकाच वितीने मोजीन.

ता. क. आत्ता घाटावर एक होडी लागलीय. ओळखीची नाही. वल्हं मारणारा काडीसारखा म्हातारा पार टोकाला बसलाय आणि तळाशी एक बाई बसलीय, अम्मच्चीपेक्षा दोन विती रुंद, मांडीवर रुमाल, मुंडू मागून ओला. उतरत नाहीये. धक्क्यावर अम्मच्चीची होडी बघितली म्हणते, देवी आल्यासारखी दिसणारी, आणि विचारत विचारत आली. मी पेन हातात घेऊनच उभा आहे. म्हाताऱ्याने काही तरी बोलायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं आणि मलाच विचारलं, “मोने, पोरा, मधे फुगलेली होडी बांधतोस तो तूच ना?”

पत्र म्हाताऱ्याबरोबर टपालात पाठवतोय. मी तिला उतरवायला जातो.